टाइप ए की टाइप बी? चीन सरकारच्या शिष्यवृत्तीच्या दोन वाटा

चीन सरकारच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज उघडला की सुरुवातीलाच विचारतात, टाइप ए की टाइप बी. पुष्कळ जण याचा अर्थ पूर्ण आणि अर्धी शिष्यवृत्ती असा लावतात आणि तिथेच गाडी चुकते. पैसे दोन्हीकडे चायना स्कॉलरशिप कौन्सिलचेच, म्हणजे ही शिष्यवृत्ती सांभाळणाऱ्या चिनी सरकारी संस्थेचेच असतात. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर शिक्षणशुल्क माफ, राहण्याची सोय, वैद्यकीय विमा आणि दरमहा विद्यावेतन मिळतं: पदवीला २५०० युआन, पदव्युत्तरला ३०००, पीएचडीला ३५००. वयाची अटही सारखीच, पदवीसाठी २५, पदव्युत्तरसाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० वर्षांच्या आत. फरक एवढाच, की कौन्सिलपुढे तुमचं नाव कोण ठेवतं. मात्र बाकीचं बरंच काही त्यावरूनच ठरतं.

टाइप ए हा दोन सरकारांमधला व्यवहार आहे. तुमची शिफारस आधी आपल्या बाजूने व्हावी लागते, म्हणजे आपल्याकडे शिक्षण मंत्रालय आणि चिनी दूतावास. त्यामुळे चिनी संकेतस्थळावरची शेवटची तारीख पाहून निवांत बसू नये. मंत्रालयाची निवड त्याआधी उरकायची असते, म्हणून तिथली मुदत आधीच संपते. या मार्गात पदवी, पदव्युत्तर, पीएचडी आणि नुसता चिनी भाषेचा अभ्यास हे सगळं बसतं. विद्यापीठाचं प्रवेशपत्र हाती असेल तर उत्तम. नसेल तर कौन्सिल जागा शोधते, पण मग मिळेल ते विद्यापीठ पत्करायची तयारी हवी. नंतर विद्यापीठ किंवा विषय बदलून मिळेल, या भरवशावर राहू नका. शिवाय या मार्गात शिष्यवृत्ती अंशतः असू शकते, विमानभाडंही करारात तरतूद असेल तरच मिळतं. जाहिरातीतली ती एक ओळ नीट वाचा.

टाइप बी मध्ये शिफारस चिनी विद्यापीठ करतं. विद्यापीठाला ठरावीक कोटा असतो, त्यातून नावं कौन्सिलकडे जातात आणि अंतिम मंजुरी तिथून येते. इथे फक्त पदव्युत्तर आणि पीएचडी. खरं काम अर्जाच्या आधीचं: मार्गदर्शक प्राध्यापक गाठणं. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर उत्तर येत नाही. प्राध्यापकाचा अलीकडचा एखादा शोधनिबंध वाचून, आपलं काम त्याच्याशी कुठे जुळतं हे चार ओळींत लिहावं. पीएचडीला मार्गदर्शकाच्या स्वीकृतिपत्राशिवाय अर्ज फार लंगडा पडतो. आणखी एक, अर्ज दोन ठिकाणी भरायचा असतो, कौन्सिलच्या संकेतस्थळावर आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या. विद्यापीठाचं अर्जशुल्क बहुधा ४०० ते ८०० युआन असतं. एकच अर्ज भरून थांबलेल्यांची नावं छाननीपर्यंत पोचतही नाहीत.

अर्जात प्रकारानंतर एजन्सी क्रमांक येतो, म्हणजे अर्ज कोणाकडे जायचा ते सांगणारा आकडा. टाइप बी ला विद्यापीठाचा पाच आकडी संकेतांक: पेकिंग विद्यापीठाचा १०००१, त्सिंगहुआचा १०००३. टाइप ए ला शिफारस करणाऱ्या यंत्रणेचा वेगळा क्रमांक असतो. प्रकार एक आणि क्रमांक दुसऱ्याचा, असं झालं की अर्ज भलत्याच दारात जाऊन पडतो. चूक वेळीच लक्षात आली तर अर्ज मागे घेऊन दुरुस्त करता येतो, मुदत टळल्यावर नाही.

कागदपत्रांत सर्वात जास्त दगा देतो तो परदेशी नागरिकांचा वैद्यकीय तपासणी फॉर्म. फोटो चिकटवला, पण रुग्णालयाचा शिक्का फोटोवर आणि कागदावर मिळून उमटला नाही, तर फॉर्म बाद. डॉक्टरांची सही राहिली तरी बाद. तपासणी सहा महिनेच ग्राह्य, म्हणून फार लवकर करून ठेवण्यातही अर्थ नाही. पदव्युत्तर आणि पीएचडीचा अभ्यास-आराखडा किमान ८०० शब्दांचा, शिफारसपत्रं दोन, तीही प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापकांची.

पुढे मूळ कागदांचं साक्षांकन मागितलं तर नुसतं अपॉस्टिल, म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारं एका शिक्क्याचं साक्षांकन, करून आणू नका. चीन २०२३ मध्ये त्या करारात आला खरा, पण भारताने हरकत घेतल्यामुळे भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन आणि त्यावर चिनी वकिलातीचं, हाच रस्ता. महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबईतला वाणिज्य दूतावास आहे.

टाइप ए मधून पदवीला जाऊन डॉक्टर व्हायचा बेत असेल तर थांबा. सरकारी शिष्यवृत्तीवरची पदवी चिनी माध्यमातून करावी लागते, भाषा येत नसेल तर आधी वर्षभर तयारीचा अभ्यासक्रम. आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातलं वैद्यकीय शिक्षण इंग्रजी माध्यमातूनच झालेलं लागतं. फुकट मिळालेली ती पदवी इथे प्रॅक्टिसला उपयोगी पडणार नाही.

दोन्ही मार्गांनी अर्ज करायला हरकत नाही, मिळेल एकच. अर्ज जानेवारी ते एप्रिलदरम्यान, निकाल जून-जुलैत, सत्र सप्टेंबरात. विद्यापीठाचं पूर्व-प्रवेशपत्र म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे, तेव्हा त्या आनंदात नोकरी सोडू नये. पोचल्यावर ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा. आणि नोंदणी १५ तारखेच्या आत उरका, नाहीतर त्या महिन्याचं विद्यावेतन अर्धंच हाती पडतं.