कुक काउंटीतील शस्त्रगुन्हे : खटले व शिक्षा

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या कुक काउंटीमध्ये बेकायदा बंदूक बाळगल्याच्या किंवा वापरल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल होण्यापासून शिक्षा ठरेपर्यंतची न्यायप्रक्रिया. शिकागो शहर आणि त्याची अनेक उपनगरे या काउंटीत येतात. 2020 च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे 53 लाख असून देशात लॉस एंजेलिस काउंटीच्या खालोखाल तिचा क्रमांक लागतो. काउंटी हा प्रशासकीयदृष्ट्या आपल्या जिल्ह्यासारखा विभाग असला, तरी तेथील मुख्य सरकारी वकील, म्हणजे स्टेट्स ॲटर्नी, शासनाने नेमलेला नसतो. मतदार त्याला दर चार वर्षांनी निवडून देतात. त्यामुळे शस्त्रगुन्ह्यांबाबतचे धोरण हा तेथे उघड निवडणुकीचा विषय असतो. किम फॉक्स यांची कारकीर्द संपून डिसेंबर 2024 मध्ये आयलीन ओनील बर्क त्या पदावर आल्या, तेव्हा खटल्याआधीच्या कोठडीसाठी आग्रह धरण्याचे धोरण लगेच अधिक कडक झाले.

खटले स्थानिक असले तरी कायदा राज्याचा असतो. इलिनॉयमध्ये बंदूक जवळ ठेवण्यासाठी राज्य पोलिसांकडून मिळणारे मालकाचे ओळखपत्र (फॉइड कार्ड) लागते आणि ती भरून, लपवून, बाहेर घेऊन फिरण्यासाठी त्याशिवाय वेगळा परवाना लागतो. हा दुसरा परवाना 2013 पासूनचा आहे. तोपर्यंत सर्वसामान्य नागरिकाला बंदूक घेऊन फिरण्यास मुभा न देणारे इलिनॉय हे देशातील अखेरचे राज्य होते. मुख्य गुन्ह्याला अनेक दशके ‘शस्त्राचा बेकायदा वापर’ असे नाव होते. ते फसवे होते, कारण या कलमाखाली पकडल्या जाणाऱ्या बहुतेकांनी बंदुकीचा वापर केलेलाच नसतो, ती केवळ त्यांच्याजवळ सापडलेली असते. 1 जानेवारी 2025 पासून कायद्यातील ‘वापर’ हा शब्द बदलून ‘ताबा’ असा करण्यात आला.

गंभीर गुन्ह्यात पोलिसांनी अटक केल्यावर आरोप ठेवायचा की नाही, याचा निर्णय साधारणपणे पोलीस ठाण्यात होत नाही. स्टेट्स ॲटर्नीच्या कार्यालयातील ‘फेलनी रिव्ह्यू’ या विभागाचे वकील पुरावा तपासून मंजुरी देतात. त्यानंतर आरोपी कोठडीत असेल तर 30 दिवसांत, बाहेर असेल तर 60 दिवसांत, प्राथमिक सुनावणी घेऊन किंवा ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) नेऊन प्रथमदर्शनी पुरावा दाखवावा लागतो. 18 सप्टेंबर 2023 रोजी इलिनॉयने रोख जामिनाची पद्धत रद्द केली. असे करणारे ते पहिले राज्य होय. आता पैसे भरून सुटका होत नाही. आरोपी धोकादायक आहे किंवा पळून जाईल, असा अर्ज सरकारी पक्षाने करायचा आणि न्यायाधीशाने त्यावर सुनावणी घेऊन कोठडीचा निर्णय द्यायचा, अशी रीत आहे.

पुढचे खटले शिकागोत 26 वा रस्ता आणि कॅलिफोर्निया ॲव्हेन्यू यांच्या चौकातील फौजदारी न्यायालयात चालतात. वकील त्या इमारतीला नुसते ‘ट्वेंटी-सिक्स्थ अँड कॅल’ म्हणतात. काउंटीचा तुरुंग तिला लागूनच आहे. उपनगरांतील खटल्यांसाठी स्कोकी, मार्कहॅम, ब्रिजव्ह्यू आदी ठिकाणी स्वतंत्र न्यायालये आहेत. ज्युरीचा हक्क सोडून एकट्या न्यायाधीशापुढे खटला चालवण्याची पद्धत येथे रूढ आहे. बचावाचा भर बहुधा दोन मुद्द्यांवर असतो. पहिला, गाडी थांबवणे किंवा अंगझडती घेणे राज्यघटनेला धरून होते का. नसेल तर बंदूक पुरावा म्हणून वगळली जाते आणि खटल्यात काही उरतच नाही. दुसरा, ताबा खरोखर आरोपीचा होता का. चारजण बसलेल्या गाडीत आसनाखाली पिस्तूल सापडले, तर ते तेथे असल्याचे आरोपीला माहीत होते आणि त्यावर त्याचे नियंत्रण होते, हे दोन्ही सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. बोटांचे ठसे आणि डीएनए यांची मदत मिळतेच असे नाही.

शिक्षेचा पल्ला बंदुकीपेक्षा माणसाच्या पूर्वेतिहासावर जास्त अवलंबून असतो. ओळखपत्र आणि परवाना दोन्ही नसताना भरलेली, हाताशी असलेली बंदूक घेऊन फिरणाऱ्या प्रौढाचा हा पहिलाच गुन्हा असला, तरी कायद्याने 1 ते 3 वर्षे कैद सांगितली आहे. ओळखपत्र असून केवळ परवाना नसेल तर परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहण्याची मुभा, मिळू शकते. दुसऱ्या खेपेस पल्ला 3 ते 7 वर्षांचा होतो. आधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याकडे बंदूक सापडल्यास 2 ते 10 वर्षे होतात, आणि ठरावीक प्रकारच्या गुन्ह्यांत दोनदा दोषी ठरलेला ‘सशस्त्र सराईत गुन्हेगार’ गणला जाऊन त्याला 6 ते 30 वर्षे भोगावी लागू शकतात. यांपैकी शेवटच्या प्रकारात शिक्षेचा किमान 85 टक्के भाग तुरुंगात काढावा लागतो, तर साध्या ताब्याच्या शिक्षेत चांगल्या वर्तनाबद्दल निम्म्यापर्यंत सूट मिळते. बंदूक वापरून खून किंवा सशस्त्र दरोडा झाल्यास हिशेब वेगळा होतो : 2000 पासून मूळ शिक्षेत, बंदूक जवळ असल्यास 15 वर्षे, झाडल्यास 20 आणि तीमुळे गंभीर इजा वा मृत्यू झाल्यास 25 वर्षे ते जन्मठेप एवढी भर पडते.

कायद्याने किमान शिक्षा बांधून दिल्यामुळे न्यायाधीशाला फारसा वाव उरत नाही. कोणते कलम लावायचे आणि कोणते मागे घ्यायचे, हे ठरवणारा सरकारी वकीलच पुष्कळदा शिक्षा ठरवतो. एकाच बंदुकीसाठी आरोपपत्रात अनेक कलमे लावलेली असतात. शिक्षेच्या वेळी ती एकत्र होतात, परंतु तोवर गुन्हा कबूल करण्याच्या वाटाघाटीत सौदेबाजीला त्यांचा उपयोग होतो. या ताठरपणावर उतारा म्हणून 2018 पासून पहिल्या शस्त्रगुन्ह्यासाठी परिवीक्षेची खास योजना आली. ती यशस्वीपणे पूर्ण केल्यास आरोप रद्द होतो. आरंभी ती 21 वर्षांखालील आरोपींपुरती होती, नंतर वयाची अट काढण्यात आली.

घटनात्मक वादाने या कलमांची अनेकदा परीक्षा पाहिली. 2013 च्या ‘अगिलार’ निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर बंदूक नेण्यावर सरसकट बंदी घालणारा भाग अवैध ठरवला, आणि त्याखाली पूर्वी दोषी ठरलेल्यांना आपला निकाल रद्द करून घेण्याची वाट मोकळी झाली. घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क मान्य करणाऱ्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या ‘ब्रुएन’ निकालानंतर हाच प्रश्न नव्याने उठला. मात्र जून 2025 मध्ये ‘थॉम्प्सन’ खटल्यात इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना बंदूक घेऊन फिरणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद कायम ठेवली.