अल्गोल झाकला जातो, डेल्टा सेफी धपापतो

रूपविकारी ताऱ्यांवरचा मराठी मजकूर उघडला की बहुतेक ठिकाणी तेच वाक्य भेटतं: 'काही ताऱ्यांचं तेज ठरावीक काळानं कमी-जास्त होतं, कारण त्यांच्याभोवती दुसरा तारा फिरत असतो.' विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावर हेच, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमध्ये हेच, आकाशदर्शनाला माईक हातात आलेला माणूसही हेच सांगतो. मग उदाहरण म्हणून अल्गोल, डेल्टा सेफी आणि मीरा हे तिघंही एका दावणीला बांधले जातात. त्यातला फक्त अल्गोल त्या वाक्यात बसतो.

ताऱ्याचं लुकलुकणं हा आपल्या हवेचा खेळ आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. तो विषय एवढ्यावर सोडू.

अल्गोलची गोष्ट ग्रहण माहीत असलेल्या माणसाला नव्यानं सांगायला नको. ययाती तारकासमूहात दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक तापलेला आणि निळसर, दुसरा आकारानं मोठा पण मंद. मंद तारा आड आला की तेज २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतं (प्रत म्हणजे ताऱ्याचं तेज मोजायचं माप; आकडा वाढला की तारा मंद, हे लक्षात असू द्या), म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी प्रकाश उरतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हे घडतं. सगळं ग्रहण दहाएक तासांत आटोपतं आणि बाकीचा वेळ तारा जवळपास स्थिर असतो. जॉन गुडरिक या बहिऱ्या मुलानं १७८३ साली हा हिशोब मांडला, तेव्हा तो विशीतही नव्हता. जर्मनीत फोगेलनं १८८९ साली वर्णपटावरून त्याला पक्का दुजोरा दिला.

याच गुडरिकनं १७८४ साली वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी बदलताना पाहिला, आणि खरा घोळ इथून सुरू होतो. याचा काळही घड्याळासारखा आहे, ५ दिवस आणि पावणेनऊ तास. तेज ३.५ ते ४.४ प्रतींमध्ये खालीवर होतं. लोक म्हणतात, इतकं नेमानं होतंय म्हणजे कोणीतरी भोवती फिरतच असणार. नेमाची गोष्ट दिसली की प्रदक्षिणा गृहीत धरायची, ही आपली सवय. आणि ही सवय फक्त फॉरवर्ड करणाऱ्यांची नाही. १८९४ साली रशियात बेलोपोल्स्कीला दिसलं की डेल्टा सेफीच्या वर्णरेषा त्याच काळानं निळ्या आणि तांबड्या बाजूला सरकतात, म्हणजे काहीतरी आपल्याकडे येतंय आणि दूर जातंय. अल्गोलचा पुरावा असाच मिळाला होता ना? मग हाही जोडतारा! पुढची वीसेक वर्षं भल्याभल्यांनी हेच धरून ठेवलं.

१९१४ साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपलीनं ते मोडून काढलं, आणि त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. सरकणाऱ्या रेषांवरून कक्षेचा आकार काढता येतो. तो काढला तर कक्षा खुद्द ताऱ्यापेक्षा लहान भरते. म्हणजे जोडीदार ताऱ्याच्या पोटातून फिरतोय असं म्हणावं लागेल. दुसरी खोच त्याहून साधी आहे. या जातीचे तारे सर्वांत तेजस्वी असतात त्याच सुमाराला त्यांचा पृष्ठभाग सर्वाधिक वेगानं आपल्याकडे येत असतो, आणि जवळजवळ प्रत्येक ताऱ्यात हेच दिसतं. खऱ्या कक्षा आकाशात कशाही तिरप्या-आडव्या असतात. सगळ्यांनी मिळून पृथ्वीकडे तोंड करून एकाच ठेक्यात फिरायचं ठरवलं, असं कसं होईल?

इथे फिरणारं कोणी नाही. ताराच फुगतो आणि आकसतो. त्याच्या पृष्ठभागाखाली हेलियमचा एक थर असतो. थर दाबला गेला की हेलियमचे इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि तो आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. उष्णता कोंडते, दाब वाढतो, थर बाहेर ढकलला जातो. पसरला की निवतो, पुन्हा पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निसटते आणि थर वजनानं खाली बसतो. चक्र परत सुरू. हे साडेपाच दिवसांत होईल की पन्नास दिवसांत, ते ताऱ्याच्या आकारावर आणि घनतेवर ठरतं.

हे पटलेले लोकही पुढच्या पायरीवर घसरतात. 'फुगला की तेजस्वी, आकसला की मंद' असं सरसकट लिहिलं जातं. हे वाचलं की माझा पारा चढतो, कारण ऐकायला बरोबर वाटतं आणि असतं चूक. डेल्टा सेफीची त्रिज्या साधारण दहा टक्क्यांनीच बदलते. त्यानं पृष्ठभाग वीसेक टक्के वाढेल. पण तेज तर दुपटीहून जास्त बदलतं. ते येतं तापमानातून, कारण तेवढ्याच पृष्ठभागाचा प्रकाश तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतो. तारा सर्वांत तेजस्वी असतो तेव्हा तो सर्वांत मोठा नसतो. तो मधल्या आकाराचा, तापलेला आणि झपाट्यानं पसरत असलेला असतो. पुरता फुगतो तोवर निवायला लागलेला असतो आणि तेज उतरणीला लागलेलं असतं.

म्हणून ओळखायचं असेल तर काळाकडे बघू नका, तेजाच्या आलेखातल्या चढ-उताराकडे बघा. अल्गोलचा आलेख म्हणजे लांब सपाटी आणि मध्येच एक खड्डा. खड्ड्याच्या दोन्ही बाजू सारख्या, पाच तास उतार आणि पाच तास चढ. डेल्टा सेफीला सपाटी नाहीच. तो दीडेक दिवसात चढतो आणि चारेक दिवस रेंगाळत उतरतो. हा असा एका बाजूला कलंडलेला आलेख ग्रहणातून येऊच शकत नाही, कारण सावली जशी आत शिरते तशीच बाहेर निघते. मीराचा काळ तर अकरा महिन्यांचा, आणि तिच्या आलेखाची उंची दर वेळी निराळी. कधी दुसऱ्या प्रतीपर्यंत चढते, कधी तिसरी-चौथीही गाठत नाही. ग्रहण असं लहरीनं कमी-जास्त लागत नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. काही जोडतारे एकमेकांना इतके खेटलेले असतात की दोघांचं वरचं आवरण एकच होतं आणि आकार ताणून अंड्यासारखा होतो. सप्तर्षीतला डब्ल्यू उर्से मेजॉरिस हा त्यांचा नमुना. आठ तासांत एक फेरी आणि दर चार तासांनी जवळपास सारखाच एकेक खड्डा. सपाटी इथेही नाही, आलेख गोलसर लाटेसारखा. आता आरआर लायरी जातीतले (डेल्टा सेफीसारखेच धपापणारे) काही तारेही काही तासांत अगदी अशीच गोल लाट काढतात. दोन्ही आलेख शेजारी ठेवले तर जाणताही फसतो. खड्ड्यापासून खड्ड्यापर्यंतचा वेळ म्हणजे काळ असं धरलं, की जोडताऱ्याचा काळ निम्मा लागतो आणि तो खुशाल स्पंदनशील, म्हणजे धपापणाऱ्या, ताऱ्यांच्या यादीत जाऊन बसतो.

यावर माझा भरवसा रंगावर. निळ्या आणि हिरव्या फिल्टरमधून दोन वेगळे आलेख काढा. धपापणारा तारा तापतो-निवतो, म्हणून निळ्यात त्याची लाट हिरव्यापेक्षा उंच येते. खेटलेल्या जोडीतल्या दोघांचं तापमान जवळपास सारखं असतं, त्यामुळे कोणीही झाकलं गेलं तरी रंग फारसा हलत नाही. (अल्गोलमध्ये दोघांचा रंग वेगळा असल्यानं ग्रहणात किंचित फरक पडतो, पण तिथे आलेखच सगळं सांगून टाकतो.) शिवाय दुप्पट काळ धरून आलेख पुन्हा काढावा. एकाआड एक खड्डे थोडे कमी-जास्त खोल निघाले तर जोडी पकडली. एकाच फिल्टरवर ताऱ्याची जात ठरवून मोकळं होणारे मला पटत नाहीत.

जात नीट ठरवायची ती हौसेखातर नाही. ग्रहणातून ताऱ्यांची वजनं आणि आकार मिळतात. धपापण्यातून मिळतं अंतर, कारण हेन्रिएटा लेविटनं १९१२ साली दाखवलं की काळ जितका लांब तितका सेफीड (डेल्टा सेफीच्या जातीचा तारा) मुळात तेजस्वी. त्याच पट्टीनं हबलनं देवयानीतली दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर नेऊन ठेवली. पट्टीच्या जागी जोडतारा घुसला की अंतर गेलं बोंबलत.

मृगातला काक्षी (बेटेलगूज) २०१९-२० च्या हिवाळ्यात मंद झाला तेव्हा 'आता फुटणार' म्हणून जो धुरळा उडाला, त्यावर बोलायलाही नको. तिथे ताऱ्यानं स्वतःच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती. तो तिसराच प्रकार.

हे तारे नोंदणं आपल्याकडे नवं नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत रूपविकारी तारे नोंदले जात. खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंचे वडील तिथेच नोकरीला होते आणि बाप्पूंनीही तरुणपणी हैदराबादेत याच ताऱ्यांवर हात बसवला. अल्गोल आणि डेल्टा सेफी पडताळायला दुर्बीणही लागत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास आभाळ स्वच्छ होतं, आणि बीड-धाराशिवकडे बालाघाटाच्या अंगाला अजून अंधार शिल्लक आहे. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाइट असेल तर अल्गोलचं अख्खं ग्रहण बांधावरून होतं. आज मध्यरात्रीनंतर दोनला तळ आला, तर तीन रात्रींनी पावणेअकराला आणि आणखी तीन रात्रींनी साडेसातला येतो. मोटर सुरू करताना एकदा बघा, मग दर तासाला.

डेल्टा सेफीला रात्रीतून एक नजर पुरते. लातुरातून तो उत्तरेला पन्नास अंशांपर्यंत चढतो. शेजारी झीटा सेफी (३.४ प्रत) आणि एप्सिलॉन सेफी (४.२) हे तारे मिळून छोटा त्रिकोण आहे. झीटापासून एप्सिलॉनकडे पाव वाट उतरलाय असं वाटलं तर ३.६ लिहा. ३.६३ लिहू नका, डोळ्याला दुसरा दशांश दिसत नाही. अल्गोलशी ताडून बघायला मात्र त्याच्या जवळचा तांबूस ऱ्हो पर्सी घेऊ नका, बरेच जण घेतात. तो राक्षसी तारा स्वतःच ३.३ ते ४ प्रतींमध्ये हलतो. त्याऐवजी एप्सिलॉन पर्सी (२.९) आणि कप्पा पर्सी (३.८) घ्या.