भुलेतील शुद्ध आणि वेदना यांची देखरेख

पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाची शुद्ध कितपत हरपली आहे आणि शस्त्रक्रियेच्या घावाला त्याचे शरीर काय उत्तर देते आहे, यावर भूलतज्ज्ञ ठेवतो ती नजर. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले, तो काळ क्लोरोफॉर्म आणि ईथरचा. भूल किती चढली हे तेव्हा श्वासाची लय, डोळ्यांच्या बाहुल्या आणि हातापायांची हालचाल पाहूनच ठरवत. १९४२ मध्ये क्युरारे हे स्नायू सैल करणारे औषध भुलेत वापरात आले. स्नायू सैल पडू लागल्याने सर्जनची सोय झाली, पण सर्वांत भरवशाची खूण गेली. जागा झालेला रुग्णही आता हलू शकत नव्हता.

ही उणीव भरून काढायला आकडे आले. ‘मॅक’ म्हणजे फुप्फुसातील भूलवायूचे असे प्रमाण, की चीर देताना निम्मे रुग्ण हलत नाहीत. सेव्होफ्लुरेन या भूलवायूचे ते सुमारे २ टक्के असते आणि वयाबरोबर घटते. कपाळावरील पट्टीतून मेंदूचे विद्युत्‌तरंग वाचणारे ‘बिस’ यंत्र ० ते १०० मधला आकडा दाखवते; १०० म्हणजे पूर्ण जागा. ४० ते ६० ही पूर्ण भुलेची पातळी मानतात. मात्र केटामिन हे भुलेचे औषध दिले की रुग्ण गाढ भुलेत असूनही आकडा चढतो, त्यामुळे केवळ पडद्यावर विसंबणे धोक्याचे.

‘मधेच जाग आली तर?’ ही भीती शस्त्रक्रियेआधी अनेक जण बोलून दाखवतात. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०१४ च्या पाहणीत अशी तक्रार सुमारे १९,००० भुलांमागे एक आढळली. सिझेरियनमध्ये ६७० मागे एक.

वेदनेचे कोडे याहून अवघड. वेदना जाणवायला शुद्ध लागते. ती नसतानाही घावाचे संदेश मज्जारज्जूतून वर जातच असतात. नाडी व रक्तदाब वाढणे, घाम, डोळ्यांत पाणी ही त्यांची चिन्हे. पण रक्तदाबाची काही औषधे नाडी वाढूच देत नाहीत, आणि रक्तस्रावाने ती वेदनेविनाही वाढते.

भूल उतरल्यावर मात्र सरळ विचारता येते. दुखणे मोजायची पट्टी ० ते १० ची. जत-तासगावकडची जुनी माणसे ‘बारा आणे फरक पडलाय’ असे सांगतात, म्हणजे रुपयातले बारा आणे, पाऊण हिस्सा दुखणे गेले. मूळ दुखणे दहा धरले, तर उरले अडीच.