ग्रेल-शोधकथा व तिचे अध्यापन

ग्रेल-शोधकथा : ग्रेल या गूढ, पवित्र वस्तूभोवती गुंफलेला, बाराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच दरबारी काव्यात प्रथम आढळणारा आणि पुढे ब्रिटनच्या दंतकथांतील आर्थर राजाच्या आख्यानचक्रात सामावलेला कथाप्रकार. सर्वांत जुनी उपलब्ध संहिता म्हणजे फ्रेंच कवी क्रेतियँ द त्र्वाचे ‘पेर्सेव्हाल’ (सु. ११८०–९०) हे त्याच नावाच्या तरुण सरदाराचे काव्य. ते सुमारे ९,००० ओळींनंतर अपुरे राहिले. फ्लँडर्सचा काउंट फिलिप याला ते अर्पण केले आहे. तो ११९१ मध्ये पॅलेस्टाइनमधील एकर शहराच्या वेढ्यावेळी वारला, म्हणून रचनेचा प्रारंभ त्याआधीचा मानतात.

उगमाबद्दल एकमत नाही. अभ्यासक आर. एस. लूमिस याने आयरिश-वेल्श कथांतील अन्न न संपणाऱ्या पात्रांकडे बोट दाखवले. इतरांनी ख्रिस्ती उपासनाविधीवर भर दिला. ग्रेलकथा सुपीकतेसाठीच्या प्राचीन विधींतून आली, ही जेसी वेस्टन हिची सुफलनविधीची उपपत्ती (१९२०) आता अभ्यासकांत फारशी ग्राह्य नाही. केल्टिक कथाबीजे ख्रिस्ती चौकटीत रुजली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. क्रेतियँच्या काव्यात ग्रेल हा प्याला नाही. ते पंक्तीत वाढण्याचे पसरट, खोलगट ताट आहे. त्यात पाइक, लॅम्प्रे किंवा सामन मासा असेल असे समजू नकोस, असे तापस पेर्सेव्हालला बजावतो. त्यात एकच पवित्र भाकरीची चकती असते आणि तिच्यावर मत्स्यराजाचा, म्हणजे ग्रेल जपणाऱ्या जखमी राजाचा, वृद्ध पिता जगतो. येशूच्या अखेरच्या भोजनातील पात्र ही ओळख फ्रेंच कवी रोबेर द बोराँच्या काव्यातून (सु. १२००) रूढ झाली. जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाखच्या ‘पार्झिफाल’मध्ये (पेर्सेव्हालचीच जर्मन कथा) (तेराव्या शतकाचा प्रारंभ) ग्रेल चक्क एक रत्नपाषाण आहे. अक्षय्य थाळीशी तुलना मराठी वाचकाला चटकन सुचते. वोल्फ्रामचा पाषाण अन्न पुरवतो, म्हणून त्याच्या बाबतीत ती काहीशी जुळते, क्रेतियँच्या बाबतीत मात्र फसते.

अध्यापनात संहितांच्या या क्रमाला फार महत्त्व आहे. प्याल्यापासून सुरुवात केली, की विद्यार्थी कथेला हरवलेल्या वस्तूचा शोध समजतात आणि तिचा गाभा असलेला न विचारलेला प्रश्न (जो विचारला असता तर जखमी राजा बरा झाला असता) निसटतो. म्हणून मत्स्यराजाच्या किल्ल्यातील भोजनप्रसंग आधी द्यावा. टोकावरून रक्ताचा थेंब ओघळणारा भाला, दीपवृक्ष घेतलेले तरुण, ग्रेल घेतलेली कन्या, मागोमाग चांदीचे ताट. दर पदार्थाला ग्रेल पुन्हा समोरून जातो आणि पेर्सेव्हाल गप्प राहतो. येथे वाचन थांबवून प्रत्येकाकडून त्याच्या वतीने एक प्रश्न लिहून घ्यावा. बहुतेक जण ‘हे काय आहे?’ असे विचारतील. काव्याला अपेक्षित प्रश्न ‘भाल्यातून रक्त का वाहते?’ आणि ‘ग्रेलने कोणाला वाढतात?’ हे आहेत. हा फरक विद्यार्थ्यांनीच शोधावा, शिक्षकाने आधी सांगू नये. त्यानंतर मौनाची दोन कारणे समोर ठेवावीत : फार बोलू नये हा गुरू गोर्नमाँचा उपदेश, आणि आईला दुःखात सोडून आल्याचे पाप. पहिले शिष्टाचाराचे, दुसरे धर्माचे. काव्यात दोन्ही आहेत. एकाची निवड करण्याची घाई वर्गात होऊ देऊ नये.

पुढच्या तासिकेला वोल्फ्राम घ्यावा. तेथे प्रश्न वस्तूबद्दल उरत नाही. ग्रेलचा जखमी राजा आन्फोर्टास याला पार्झिफाल ‘मामा, तुम्हांला काय होतंय?’ असे विचारतो आणि राजा बरा होतो. पण प्रश्न विचारायला हवा होता हे पार्झिफालला आधीच कळलेले असते. मग तो प्रश्न त्याचा स्वतःचा म्हणावा का, यावर लेखी उत्तर मागावे.

‘केस्त दल सँ ग्राल’ (सु. १२१५–३०) या फ्रेंच गद्यकथेत सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठांचा प्रभाव अनेकांना जाणवतो. शोध पूर्ण करणारा सरदार गॅलहॅड निष्कलंक आहे. प्रश्नाची जागा दर्शनाने घेतली आहे. प्रत्येक स्वप्नाचा अर्थ साधू उलगडून सांगतात, त्यामुळे विद्यार्थी तीच उत्तरे क्रेतियँला चिकटवतात. हे टाळण्यासाठी वस्तू, वाहक, प्रश्न आणि परिणाम असे चार रकाने आखून प्रत्येक संहिता स्वतंत्र भरून घ्यावी. ‘केस्त’चा प्रश्नाचा रकाना रिकामा राहतो, तो तसाच ठेवावा.

‘पेरेदूर’ या वेल्श कथेमध्ये ताटात कापलेले शिर आहे, त्याचे क्रेतियँशी नाते वादग्रस्त आहे. मॅलरीची इंग्रजी गद्यकथा (मुद्रण १४८५) बरीचशी ‘केस्त’वर आधारलेली असल्याने ती शेवटी घेतलेली बरी.