मुंबईतील रस्त्यावरची चित्रकला

मुंबईतल्या भिंती, दुकानांची शटर, स्थानकांच्या इमारती आणि कधीकधी टॅक्सीच्या आतल्या बाजूवरही दिसणारी चित्रे व अक्षरे. वर्तमानपत्रे त्यांना ‘भित्तिचित्रे’ म्हणतात, कॉलेजातली मुले ‘ग्राफिटी’, आणि परांचीवर चढून रंग लावणारा नुसतेच ‘वॉल पेंटिंग’. न्यूयॉर्कमध्ये ही कला रात्री, चोरून, स्प्रेच्या डब्याने वाढली. मुंबईत ती बहुतांशी दिवसाढवळ्या, घरमालकाला विचारून आणि ब्रशने होते. असे होण्याचे कारण इथल्या पेंटरच्या धंद्यात सापडते.

फ्लेक्स येण्यापूर्वी दुकानाची पाटी म्हणजे पेंटरचे काम. खडू लावलेली दोरी ताणून पत्र्यावर टिचकीसरशी सरळ रेघ उमटवायची, त्या रेघेला शिरोरेघ धरून अक्षरे आखायची, रंग भरायचा आणि शेवटी एका बाजूने गडद सावली मारून अक्षर पत्र्यावरून उठवायचे. चित्रपटांचे प्रचंड फलकही असेच हाताने रंगत. मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईतली सुरुवातीची वर्षे हेच काम करून काढली. २००० नंतर डिजिटल छपाई स्वस्त झाली आणि हा धंदा पाहता पाहता बसला. पेंटरांची अक्षरे जमवून त्यांचे संगणकीय फाँट करण्याचा ‘हँडपेंटेड टाइप’ हा उपक्रम हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांनी चालवला. पुढे रस्त्यावरच्या चित्रकलेसाठी काम करणाऱ्या ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेच्या संस्थापकांतही ते होते, हा योगायोग म्हणता येणार नाही.

नव्या लाटेचा उगम वांद्र्याचा. तिथे २००७ मध्ये ‘द वॉल प्रोजेक्ट’ सुरू झाला, मित्रमंडळींनी गल्लीतल्या भिंती रंगवण्यापासून. ऑगस्ट २००९ मध्ये महापालिकेच्या सहकार्याने सेनापती बापट मार्गावरची (जुन्या मुंबईकरांचा तुळशी पाइप रोड) रेल्वेची लांबलचक भिंत लोकांसाठी खुली झाली. शेकडो माणसे डबे-ब्रश घेऊन आली. त्यांत चित्रकार होते तसे आयुष्यात प्रथमच ब्रश धरणारेही. चित्रांचा दर्जा अर्थातच वरखाली होता. पण भिंतीकडे तोंड करून उभे राहायची सवय असलेल्या पुरुषांना तिच्यापुढे थांबण्याचे निराळे कारण मिळाले, हे काही थोडे नव्हे.

वांद्र्याच्या चॅपल रोडवर आणि शेजारच्या रणवार गावठाणात हिंडताना रंजीत दहिया यांचे काम भेटते. हरियाणातल्या सोनीपत जिल्ह्यात घरांना चुना लावण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकला. २०१२ मध्ये त्यांनी ‘बॉलिवुड आर्ट प्रोजेक्ट’ हाती घेतला आणि १९५३ च्या ‘अनारकली’चे पोस्टर चॅपल रोडच्या भिंतीवर उतरवले. कागदावरच्या चित्रावर चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करून पाडायच्या आणि एकेक चौकट भरत जायचे ही त्यांची रीत, म्हणजे जुन्या फलकवाल्या पेंटरांचीच. वांद्रे रेक्लमेशनजवळ महानगर टेलिफोनच्या इमारतीवर २०१४ साली त्यांनी काढलेले दादासाहेब फाळके मात्र गल्लीतून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी बरेच लांब जाऊन मान वर करावी लागते.

‘स्टार्ट इंडिया’ने याला महोत्सवाचे रूप दिले. २०१७ च्या अखेरीस कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये (बांधकाम १८७५) तिने भरवलेले प्रदर्शन या सगळ्यात सर्वांत जिवंत ठरले. कोळंबी सोलणाऱ्या बायका आपले काम करत होत्या आणि कला पाहायला आलेले लोक नाकाला रुमाल लावून त्यांच्या शेजारून जात होते. भिंतींवर कोळ्यांचीच मोठमोठी छायाचित्रे चिकटवलेली होती. चर्चगेट स्थानकाच्या दर्शनी भागावर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी रंगीत त्रिकोण-चौकोनांत काढलेले गांधीजी याच संस्थेच्या प्रयत्नांतले. ही कामे देखणी आहेत. तरी प्रायोजक रंग कंपनी असली की चित्र जरा जास्तच प्रसन्न होते, असे पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

रेखाचित्र आणि डिझाइन पाहायला कलादालनातच जावे लागते असे नाही. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर गोव्याच्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी काढलेली गर्दी खातपीत बसलेली असते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ने काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या सीटा आणि छत तरुण चित्रकारांना दिले, गिऱ्हाइकाला दादरपासून फोर्टपर्यंत एक प्रदर्शन भाड्यातच मिळे. ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षरशाळेचा ‘मोदक’ हा गुबगुबीत फाँट तर गणेशोत्सवाच्या फलकांवर नाव ठाऊक नसतानाही ओळखू येतो.

कायद्याच्या बाजूने १९९५ चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम आहे. परवानगीशिवाय भिंत रंगवणे हा त्याखाली गुन्हा ठरतो, चित्र कितीही सुंदर असो.

परवानगीचा प्रश्न जिथे कुणी काढतच नाही अशीही एक जागा आहे : चाळींचे आणि कचेऱ्यांचे जिने. लोकांनी पान खाऊन थुंकू नये म्हणून तिथल्या कोपऱ्यांत गणपती, साईबाबा, येशू आणि काबा यांच्या टाइल्स एका ओळीत बसवलेल्या दिसतात. त्यांचा कलावंत कोण हे कुणी विचारत नाही, पण शहरातल्या इतर कुठल्याही चित्राइतकाच त्यांचा परिणाम होतो.

बाहेरच्या चित्रांना पावसाळा सोसत नाही. ओल धरली की रंगाचे पापुद्रे सुटतात. पुनर्विकासात तर भिंतच जाते. चॅपल रोड पाहायचा तर वांद्रे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून सकाळी लवकर गाठावा. दुपारनंतर चित्रांचा खालचा अर्धा भाग उभ्या केलेल्या स्कूटरींच्या मागे गेलेला असतो.