चालत्या प्रोग्रामचा मेमरी डंप (शेल स्क्रिप्टने)

चालू असलेल्या प्रोग्रामने त्या क्षणी मेमरीत जे धरून ठेवले आहे ते, प्रोग्राम बंद न करता, फाइलमध्ये उतरवून घेण्याची पद्धत. लिनक्सवर हे काम बहुधा छोट्या शेल स्क्रिप्टकडे, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या फाइलीकडे, सोपवतात. प्रोग्राम कोसळल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम जी कोअर फाइल लिहिते, तिचा आणि या डंपचा साचा एकच: ईएलएफ, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामच्या फाइलीही ज्या साच्यात असतात तोच. येथे मात्र प्रोग्राम जिवंत असतो आणि डंप झाल्यावर पुढे चालू लागतो.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीतला चादर-टॉवेलचा एखादा कारखाना घ्या. ऑफिसातल्या लिनक्स मशिनवर बिलिंगचा आणि सुताच्या साठ्याचा प्रोग्राम चालतो. तो लिहिणारा पुण्यात बसतो. संध्याकाळी ट्रान्सपोर्टची गाडी दारात उभी, चलन काही निघत नाही, आणि कोणीतरी ओरडते, 'रीस्टार्ट मारा हो!' रीस्टार्टने गाडी सुटते हे खरे, पण प्रोग्राम नेमका कुठे अडकला होता याचा पुरावाही पुसला जातो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे. अशा ठिकाणी ऑफिसातल्या क्लार्कला एकाच कमांडने चालवता येईल अशी स्क्रिप्ट करून ठेवणे शहाणपणाचे. आधी डंप, मग रीस्टार्ट.

स्क्रिप्टचा गाभा चार-पाच ओळींचा असतो. 'पीग्रेप'ने प्रोसेसचा, म्हणजे चालत्या प्रोग्रामचा, क्रमांक शोधायचा, 'डीएफ'ने डिस्कवर जागा आहे का पाहायचे, आणि 'जीकोअर'ला तो क्रमांक द्यायचा. जीकोअर जीडीबी या डीबगरबरोबर (प्रोग्राममधल्या चुका शोधण्याच्या साधनाबरोबर) येते, आणि गंमत म्हणजे ती स्वतःच एक शेल स्क्रिप्ट आहे. आत ती जीडीबीलाच कामाला लावते. फाइलच्या नावात तारीख-वेळ घालावी, नाहीतर कोणता डंप कुठल्या दिवसाचा हे आठवड्यात विसरायला होते. उबुंटूवर साध्या वापरकर्त्याला आधीपासून चालू असलेल्या दुसऱ्या प्रोसेसला असे जोडता येत नाही. 'यामा' ही सुरक्षा व्यवस्था तेथे मूळ १ या पातळीवर असते, म्हणून 'सुडो', म्हणजे रूटचे (मुख्य प्रशासकाचे) अधिकार देणारी कमांड, लागते.

डंप लिहिला जात असताना प्रोग्राम थांबलेला असतो, हे आधी सांगून ठेवावे. काही जीबी मेमरी आणि जुनी हार्डडिस्क असेल तर पडदा बराच वेळ गोठतो. फाइल तात्पुरत्या फाइलींच्या 'टीएमपी' फोल्डरमध्ये टाकण्याची सवयही वाईट. काही वितरणांत ते फोल्डर रॅममध्येच असते, आणि मेमरी आधीच संपत आलेली असेल तर डंपच तिचा गळा घोटतो.

जीडीबी नसेल तर 'प्रोक' फोल्डरमधील प्रोसेसच्या 'मॅप्स' फाइलीतून मेमरीचे पत्ते वाचून, 'मेम' फाइलीतले तेवढे भाग 'डीडी'ने उचलता येतात. त्यासाठीही रूटचे अधिकार लागतात. त्यातून कच्चा मजकूर मिळतो. वाचता येणारी अक्षरे वेगळी काढणारी 'स्ट्रिंग्ज' चालवून शोधाशोध करायला तो पुरतो, पण थ्रेड (प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे धागे) कुठे थांबले होते ते त्यातून कळत नाही. जावा प्रोग्राम असेल तर 'जेसीएमडी'ने घेतलेला हीप डंप, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत तयार केलेल्या वस्तूंची नोंद, अधिक कामाचा.

डंपमध्ये सगळेच येते: डेटाबेसचा पासवर्ड, ग्राहकांचे मोबाईल क्रमांक, बँक खाती, तेही बहुतेक उघड्या मजकुरात. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'यूमास्क ०७७' हवे, म्हणजे फाइल दुसऱ्या वापरकर्त्यांना उघडता येत नाही, आणि फाइल पुण्याला पाठवायची तर 'जीपीजी'ने कुलूपबंद करूनच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे म्हणजे कारखान्याची चावी चौकात टांगणे. व्यक्तिगत डेटा कुलूपबंद ठेवण्याला २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानंतर कायदेशीर बाजूही आहे.

तपासणाऱ्याकडे नेमकी तीच बायनरी (प्रोग्रामची चालवायची फाइल) आणि तिची डीबग चिन्हे (मेमरीतले पत्ते कोडच्या कोणत्या ओळीचे हे सांगणारी माहिती) लागतात. दुसऱ्या आवृत्तीची असतील तर निघालेला स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी, दिशाभूल करतो. शक्य असल्यास थोड्या अंतराने दोन डंप घ्यावेत. दोन्हींत सगळे थ्रेड त्याच ओळीवर थबकलेले दिसले तर बहुधा कुलुपांची कोंडी (डेडलॉक), म्हणजे थ्रेड एकमेकांनी अडवून धरलेल्या गोष्टींची वाट पाहत अडकलेले. फाइलचा आकार वाढत गेला असेल तर मेमरी गळतीचा, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडण्याचा, संशय घ्यावा.