रस्त्याचा पॅड आणि ट्रॅकचा पॅड वेगळे कसे झाले

रोज वापरायच्या गाडीला असा कुठला ब्रेक पॅड (डिस्कवर घासून गाडी थांबवणारा तुकडा) लावायचा की जो सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर पण टिकेल, हे आज सगळे विचारतात, पण गाड्यांच्या पहिल्या कितीतरी वर्षांत हा प्रश्नच नव्हता कारण असे दोन वेगळे पॅड मुळात नव्हतेच. गाडी थांबली हेच खूप होतं.

1888 मध्ये बेर्था बेंझ मानहाइमहून फॉर्त्सहाइमला नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन गेल्या तेव्हा उतारावर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजायला लागले, मग वाटेत त्यांनी त्यावर चामडं ठोकून घेतलं, आणि ब्रेक लायनिंगची, म्हणजे ब्रेकवरच्या घासणाऱ्या थराची, सुरुवात इथूनच झाली असं मानतात. चामडं पकडतं चांगलं पण तापलं की करपतं. म्हणजे बघा, थंड असताना चालणारं गरम झालं की जातं ही कटकट पहिल्या दिवसापासूनची आहे.

पुढे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड (फेरोडो ही ब्रेक लायनिंगची कंपनी काढणारा तोच) आधी कापसाच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होता आणि 1908 च्या सुमारास तो ॲस्बेस्टॉसकडे वळला. त्याच्या आधी 1902 मध्ये लँचेस्टर या इंग्लिश इंजिनिअरने डिस्क ब्रेकचं (चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटायची) पेटंट घेतलेलं, पण पॅड तांब्याचे, धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज यायचा की ते काही फार चाललं नाही. ॲस्बेस्टॉस मात्र जळत नाही, स्वस्त, विणता येतं, आणि 1907 मध्ये बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने फेनॉलिक रेझिनचं पेटंट टाकलं होतं, त्यामुळे पुढे हे सगळं घट्ट बांधून ठेवणारा चिकटा पण मिळाला. मग कित्येक दशकं घरची गाडी असो की रेसची, लायनिंग ॲस्बेस्टॉसचंच.

खरा फाटा फुटला तो डिस्क ब्रेकमुळे, असं माझं मत. 1953 ला फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची रेस जॅग्वारच्या सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. तिथल्या लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी बाकीच्यांच्या जुन्या ब्रेकचे ड्रम (ज्यांना आतून शू दाबून गाडी थांबते) तापून फुगायचे, शूपासून लांब जायचे आणि पेडल खोल खोल जायचं, जॅग्वारवाले मात्र बिनधास्त उशिरा ब्रेक मारायचे. दोन वर्षांनी सित्रोएन डीएसला पुढे डिस्क आल्या आणि हे साध्या गाड्यांमध्ये पण शिरलं. पण डिस्कवर पॅडचा आकार छोटा, दाब जास्त, त्यामुळे पॅडलाच जास्त तापावं लागतं. आता कंपाउंड, म्हणजे पॅडचं मिश्रण, कुठल्या तापमानासाठी बनवलाय हे बघणं भाग पडलं.

त्यात ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन कॅन्सर होतो हे पक्कं झालं. अमेरिकेने 1989 मध्ये बंदी घातली, ती 1991 मध्ये कोर्टात बरीचशी उडाली, ब्रिटनने 1999 मध्ये आणि युरोपियन युनियनने 2005 पर्यंत काम पूर्ण केलं. त्याच्या जागी एकच जादूची वस्तू मिळाली नाही, मिळाली ती पन्नास वस्तूंची भेळ. कुणी स्टीलचे तंतू घातले ते सेमी-मेटॅलिक, कुणी अरामिड (केव्हलरसारखे तंतू) वगैरे घातलं ते ऑरगॅनिक, नंतर सिरॅमिक आले. रोजच्या गाडीवाल्याला आवाज नको, ब्रेकच्या धुळीने काळी झालेली रिम नको, सकाळी पहिल्याच सिग्नलला पकड हवी, तर कंपन्यांनी पॅड तिकडे नेले. रेसवाल्याला यातलं काहीच नको, त्याला फक्त लाल झालेल्या डिस्कवर दहाव्या लॅपला पण तसाच बाइट, म्हणजे पकड, हवा.

आणि रस्त्याचा पॅड ट्रॅकवर मरतो तो कसा, तर तापमान साधारण 300-400 अंशाच्या पुढे गेलं की तेच फेनॉलिक रेझिन फुटायला लागतं, त्याचा गॅस पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो, पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही. (पेडल मऊ होऊन खाली गेलं तर दोष पॅडचा नाही, ब्रेकचं तेल उकळलंय. डॉट 4 या दर्जाचं तेल नवीन असताना किमान 230 अंश सहन करतं पण पाणी शोषलं की ती किमान हद्द 155 वर येते. लोकं पॅडवर पैसे उडवतात आणि तेल जुनंच ठेवतात.) उलट रेसचा पॅड थंड असताना नीट पकडत नाही, किंचाळतो, आणि डिस्कला कानस मारल्यासारखा खात बसतो. फॉर्म्युला वनमध्ये 1976 ला ब्रॅबहम टीमने आणलेले कार्बन ब्रेक म्हणजे याचं टोक, थंड असताना त्यांच्या भरवशावर कोपऱ्यावरच्या दुकानात पण जाऊ नये.

पॅडवर एफएफ, जीजी अशी अक्षरं असतात ती बघून बरेच जण फसतात. पहिलं अक्षर थंड घर्षणाचं, दुसरं गरम, एफ म्हणजे 0.35 ते 0.45. पण ही एसएईची (अमेरिकेतली गाड्यांच्या इंजिनिअरांची संस्था) टेस्ट छोट्या तुकड्यावर होते आणि जाते जेमतेम 340 अंशांपर्यंत, ट्रॅकवर डिस्क 500 सहज ओलांडते. त्यामुळे त्या अक्षरांवरून ट्रॅकबद्दल काही कळत नाही.

आता दरी अजून वाढतेय. तांबं उष्णता पसरवायला फार कामाचं, पण पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊन माशांना त्रास होतो म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी 2010 मध्येच कायदे केले आणि ते पॅडमधून जवळजवळ काढायला लावलं. युरो 7 या युरोपच्या गाड्यांच्या प्रदूषण नियमांमध्ये तर पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली, बहुतेक कारना किलोमीटरला 7 मिलिग्रॅम. रस्त्याचा पॅड अजून सभ्य होत जाणार हे उघड आहे. मधले 'फास्ट रोड' कंपाउंड मिळतात, हलक्या गाडीला आणि थोड्याच लॅप मारणाऱ्याला ते पुरतात, जड आणि जोरदार गाडीला माझ्या मते नाही. तिथे दोन सेटच बरे, फक्त प्रत्येक कंपाउंड डिस्कवर आपला पातळ थर सोडतो, आणि एकाच्या थरावर दुसरा घासला की नीट बेडिंग (नवा थर सारखा बसणं) होईपर्यंत स्टीअरिंग थरथरू शकतं, म्हणून काही जण पॅडबरोबर डिस्कचा पण वेगळा जोड ठेवतात.